शेवळाला काकड लागतं

मामीचं माहेर घाटाखालचं, महाडच्या अंगाचं. लग्न होऊन वरंधा घाट चढून ती हिर्डोशीला आली, ती एक भाजी बरोबर घेऊनच आली. शेवळं. वळवाचे दोन-चार सपकारे होऊन गेले की कुंपणाच्या कडेला, झाडांच्या गारव्यात जमिनीतून तांबूस-जांभळे कोंब वर येतात. ना पान, ना फांदी. स्वतःलाच गुंडाळून घेतलेला नुसता कोंब. निवडताना आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरायचं. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण लावून केली तर त्या दिवशी घरात मटणाची आठवण कुणी काढत नाही.

पण नुसती शेवळं शिजवून खाईल तो पस्तावेल. ती सुरणाच्या कुळातली. अंगात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात आणि खाणारा रात्रभर खाकरत बसतो. त्यावर उतारा एकच, काकड. काकडाच्या झाडाला त्याच दिवसांत आवळ्याहून लहान, हिरवी, आंबट-तुरट फळं लागतात. ती ठेचून त्यांचा रस भाजीत घातला की खाज मरते. घाटाखालच्या बाजारात शेवळं विकणारी बाई जुडीबरोबर मूठभर काकडं देते. मागावी लागत नाहीत. शेवळाला काकड लागतं, हे तिथं पोराटोरांनाही ठाऊक असतं.

मला लहानपणी वाटायचं, ही दोन्ही एकाच झाडाची. पुढे कळलं की त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. शेवळाचा कंद जमिनीत झोपलेला असतो, तो पहिल्या पावसानं जागा होतो. काकड हा मोठा वृक्ष. थंडीत पानं गाळतो, उघड्या फांद्यांवर फुलतो आणि त्याची फळं सबंध उन्हाळाभर भरत राहतात. एकाचं घड्याळ पावसाचं, दुसऱ्याचं उन्हाचं. दोघं दरवर्षी जूनच्या तोंडावर मामीच्या पातेल्यात भेटायचे. कुणीतरी ठरवून दिल्यासारखे.

२०२५ साली त्यांची चुकामूक झाली.

त्या वर्षी मे अर्धा उलटला तोच पाऊस लागला. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. मुंबईच्या नोंदींत इतका लवकर तो कधीच आला नव्हता. त्याआधीचा विक्रम १९५६ सालचा, २९ मेचा. मी तेव्हा हिर्डोशीलाच होतो. मामीचा भाऊ शेवळं घेऊन आला होता, नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी. मामी आनंदानं काकडं काढायला ओढ्यावर गेली आणि ओच्यात चार दाणे घेऊन परतली. हरभऱ्याएवढे. "दगड हायेत नुसते," ती म्हणाली. "ह्यांना अजून ऊन खायाचं होतं." भाजीत तिनं आमसुलं घातली. भाजी वाईट झाली नाही. पण जेवल्यावर मामा दोनदा खाकरला आणि कुणाकडे न बघता उठून गेला.

हिर्डोशी हे भोरच्या पश्चिमेला, महाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. या खोऱ्याला हिरडस मावळ म्हणतात. एके काळी बांदल देशमुखांचं, बाजीप्रभू देशपांड्यांचं मावळ. हिरड्याच्या झाडांवरून हे नाव पडलं असं सांगतात. वर शिरगावजवळ नीरा उगम पावते आणि खाली देवघरच्या धरणात अडते. रस्त्यानं जाताना कितीतरी वेळ धरणाचा फुगवटा सोबत करतो. जिथं पाणी नाही तिथं भाताची खाचरं, आणि खाचरांच्या वर वरकस जमिनीत नाचणी आणि वरई.

या गावात पावसाचा हिशेब इंग्रजी महिन्यांनी होत नाही, आणि गंमत म्हणजे मराठी महिन्यांनीही होत नाही. आषाढ वारीचा, श्रावण उपासाचा, भाद्रपद गौरी-गणपतीचा. पेरणीला मात्र नक्षत्र लागतं. यामागे मोठं शहाणपण आहे. चांद्रमास दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतात आणि मग अधिक महिना घालून त्यांना ओढून जागेवर आणावं लागतं. ज्येष्ठाचा पहिला दिवस धरून कुणी पेरायला निघालं तर कधी मेमध्ये पेरेल, कधी जूनमध्ये. नक्षत्र सूर्याचं. सूर्य रोहिणीत शिरतो २५ मेच्या आसपास, मृगात ७ किंवा ८ जूनला, मग दर तेरा-चौदा दिवसांनी आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. देवाची कामं चंद्राकडे आणि पोटाची कामं सूर्याकडे, अशी वाटणी आपल्या पूर्वजांनी मुकाट्यानं करून ठेवली.

त्यांनी एकेका नक्षत्राच्या पावसाला स्वभावही देऊन टाकला. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनांचा, हस्ताचा हत्तीचा. 'पडतील मघा, नाही तर ढगाकडे बघा' हे वाक्य मामा तारीख सांगावी तशा कोरड्या आवाजात म्हणतो. ही नावं म्हणजे अनेक पिढ्यांच्या सरासऱ्याच. कागद नव्हता, म्हणून त्या जिभेवर ठेवल्या.

मात्र हे नक्षत्रांचं घड्याळही पुरतं स्थिर नाही, हे पंचांगवाल्यांना ठाऊक असलं तरी आपल्याला सहसा ठाऊक नसतं. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा. त्या दिवशी मकरसंक्रांत होती. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. पृथ्वीच्या आसाच्या मंद डोलण्यामुळे सूर्याचा राशिप्रवेश ऋतूंच्या मानानं साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. संक्रांत सरकली तसा मृगही सरकला. पण ही सरक इतकी हळू, की शेतकऱ्याच्या एका आयुष्यात एका दिवसाचा फरक पडणार. भाताला तो कळायचाही नाही. आत्ता जे चाललंय ते वेगळं आहे. नक्षत्र आपल्या जागी आहे आणि पाऊसच इकडेतिकडे हिंडतोय. २०२३ साली मुंबईत तो २५ जूनला पोचला, २०२४ साली ९ जूनला, २०२५ साली २६ मेला. लागोपाठच्या तीन वर्षांत एका महिन्याचं अंतर.

महिनाभर इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं, असं पुण्यात मला एकानं विचारलं होतं. पाऊस आला ना? धरण भरलं ना? नीरा देवघर धरणात सुमारे पावणेबारा टीएमसी पाणी मावतं आणि ते मेमध्ये पडलं काय किंवा जुलैमध्ये पडलं काय, भिंतीला फरक पडत नाही. सरासरीच्या किती टक्के पाऊस झाला हे वर्तमानपत्र छापतं. पाऊस किती झाला हे सगळेच विचारतात. कधी झाला, हे भात विचारतं.

भाताचं ऐका. उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेणकूट, फांद्या पसरून राब भाजतात. त्यानं तणाचं बी जळतं, जमीन भुसभुशीत होते, राख मिळते. मग रोहिणीत, अजून माती कोरडी ठणठणीत असताना, त्या धुळीतच भात पेरायचं. ही धूळवाफ. पाखरांपासून जपत बी आठ-दहा दिवस मातीत वाट बघतं आणि मृगाच्या पहिल्या पावसानं एकदम उगवतं. तीन आठवड्यांत रोप हाताशी येतं, तोवर आर्द्राचा पाऊस खाचरं भरून टाकतो, चिखलणी होते आणि लावणी लागते. यातली प्रत्येक गोष्ट पुढच्या गोष्टीची वेळ धरून बसलेली असते. २०२५ साली धूळवाफेला धूळच मिळाली नाही. राब भाजून तयार होता. त्यावर पाऊस पडला आणि भाताआधी तण उगवलं. ओल्या चिखलात बी टाकावं तर कुजतं. वाफसा येईल म्हणून थांबावं तर वर ढग. आणि मे संपता संपता मोसमी पाऊस जो पुढे सरकायचा थांबला, तो जूनच्या मध्यापर्यंत हललाच नाही. ज्या मृगासाठी सगळी मांडामांड असते, त्या मृगात मामा ओसरीवर बसून आभाळ बघत होता.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती मला उशिरा समजली. जुन्या देशी भातांपैकी बरीच वाणं दिवसाच्या लांबीवर चालणारी होती. तुम्ही त्यांना थोडं आधी पेरा, थोडं मागून पेरा. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय ती निसवायची नाहीत. म्हणजे पेरणी चुकली तरी कापणी पावसाच्या शेवटालाच यायची. त्या दाण्याच्या पोटातच पंचांग होतं. आज या भागात सगळीकडे दिसतं ते इंद्रायणी. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातलं, आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून आलेलं. वास आहे, उतारा आहे, भाव आहे. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण ते साधारण साडेचार महिन्यांचं पीक. पेरलेल्या दिवसापासून बोटं मोजणारं. पेरणी हलली की कापणीही हलते, आणि ती कुठल्या पावसात जाऊन पडेल ते सांगता येत नाही.

कापणीच्या वेळचा पाऊस म्हणजे स्वातीचा, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात लागणारा. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती' ही म्हण सबंध महाराष्ट्राला पाठ आहे. हिर्डोशीत ती कुणी म्हणत नाही. ती देशावरची म्हण, ज्वारीची. हीच नीरा खाली ज्या फलटण-बारामतीकडे जाते, तिथं स्वातीचा पाऊस कोवळ्या ज्वारीवर मोत्यासारखा पडतो. त्याच दिवशी तोच पाऊस हिर्डोशीत कापून खाचरात पसरलेल्या भातावर पडला, तर दाण्याला जागच्या जागी कोंब फुटतात आणि पेंढा काळा पडतो. २०१९ साली देशातून मोसमी पावसाच्या परतीला सुरुवातच मुळी ९ ऑक्टोबरला झाली, नोंदींतली सर्वांत उशिराची. त्या दिवाळीत मामीनं ओलं भात पडवीत पसरलं होतं आणि आम्ही पाहुणे त्यातून पाय उचलून चालत होतो. चांगला पाऊस, वाईट पाऊस असं काही नसतं. वेळेचा आणि अवेळचा, एवढंच असतं.

माणसानं कसंही निभावून नेलं. काकड नाही तर आमसुलं घातली. ज्यांच्याकडे आमसुलं नाहीत त्यांचं काय?

पावशा एप्रिल-मेपासून ओरडायला लागतो. त्याच्या हाकेत आपण 'पेर्ते व्हा' ऐकलं, हा आपला मोठेपणा. त्याला आपल्या पेरणीचं काही नाही, तो जोडीदाराला बोलावतोय. पावशा आणि चातक दोघंही स्वतःचं घरटं बांधत नाहीत. सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात. चातक मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येतो. तो इथं पोचेल तेव्हा सातभाईंची घरटी मांडलेली हवीत आणि पिल्लांना भरवायला किडे हवेत. पाऊस, किडे, सातभाई आणि चातक अशी चौघांची ती भेट असते, आणि त्यातला एक जण हजारो किलोमीटरवरून निघालेला असतो. इथं पाऊस दोन आठवडे आधी आला हे त्याला तिकडे कोण कळवणार?

ही भेट हुकली तर काय होतं, याचं एक उत्तर नेदरलँड्सच्या जंगलांतून आलं आहे. तिथं एक छोटा माशीमार पक्षी असाच आफ्रिकेतून येतो. त्याची निघायची वेळ दिवसाच्या लांबीवर ठरते, तर जंगलातल्या अळ्या उबेवर वाढतात. वसंत लवकर तापू लागला तशा अळ्या लवकर झाल्या. पक्षी आपल्या वेळेवर आला, पिल्लं झाली, तेव्हा अळ्या संपत आलेल्या. जिथं ही चुकामूक सर्वांत जास्त झाली, तिथं वीस वर्षांत हे पक्षी सुमारे नव्वद टक्क्यांनी घटले, असं २००६ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. जंगल तिथंच होतं. झाड तुटलं नव्हतं, कुणी बंदूक चालवली नव्हती. फक्त वेळ चुकली होती.

हिर्डोशीत अशी मोजणी कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. पण डोळ्यांना दिसतं ते सांगतो. मेच्या शेवटी ओढ्याकाठच्या हिरड्यावर, ऐनावर काजवे उतरतात. एक लुकलुकतो, मग शेजारचा, मग सबंध झाड एका तालात उजळतं आणि विझतं, जणू झाडच श्वास घेतंय. काजव्याची अळी गोगलगायी खाऊन मातीत कितीतरी महिने काढते. पंख फुटलेल्या काजव्याला मात्र दोन-तीन आठवडे मिळतात, आणि तेवढ्यात जोडीदार गाठायचा असतो. वळीव त्यांना उठवतो, मोसमी पाऊस त्यांना विझवतो. वळीव आणि मोसमी पाऊस यांच्यात जी फट असते तेवढंच त्यांचं राज्य. २०२५ साली ती फट राहिलीच नाही. आम्ही तीन रात्री छत्री घेऊन ओढ्यावर गेलो. तिसऱ्या रात्री एका पानाखाली एक काजवा दिसला. तो लुकलुकत होता. समोरून उत्तर नव्हतं.

आणि चढणीचे मासे. पहिला जोराचा लोंढा आला की मासे ओढ्यातून उलटे चढत खाचरांत शिरतात, तिथल्या उथळ पाण्यात अंडी घालतात. गावात त्या रात्री कंदील आणि पोती घेऊन सगळे बाहेर. लोंढ्यामागून पाऊस टिकला तर पिल्लं वाढतात. लोंढा येऊन गेला आणि पाऊस दोन आठवडे गप्प झाला, तर खाचर आटतं आणि अंडी चिखलात वाळतात. खोट्या हाकेला ओ देऊन आलेले ते.

एवढं बोलल्यावर मामाचं म्हणणंही मांडायला हवं, नाही तर तो लेख वाचून हसेल. "पाऊस कधी वेळंवर आलाय रं?" तो विचारतो. त्याच्या लहानपणीही मृग कोरडे गेलेत, दुबार पेरण्या झाल्यात, रोपं राबावरच पिवळी पडलीत. म्हाताऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या पुष्याच्याच पावसानं, २२ जुलै २०२१ ला, घाटापलीकडे तळिये गावावर डोंगर आणला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली; नाव म्हातारा म्हणून तो निजून राहत नाही. मामाचं खरं आहे. एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही. ऋतू हा नेहमीच थोडा लहरी होता आणि ती लहर धरूनच इथल्या माणसानं नाचणी, वरई, भात अशी वेगवेगळ्या वेळांची पिकं लावली. सगळी अंडी एका नक्षत्रात ठेवली नाहीत.

लहर कुठली आणि बदल कुठला हे ओळखायचं, तर मागे लांबवर बघता आलं पाहिजे; आणि लांबवर बघायला कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं. जपानमध्ये क्योटोला चेरी कधी बहरली याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या सापडतात, कारण दरबारी लोक बहर बघायला जमत आणि डायरीत लिहीत. म्हणून २०२१ साली २६ मार्चला बहर आला तेव्हा छातीठोकपणे सांगता आलं, की बाराशे वर्षांत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. आपल्याकडे हवामान खात्यापाशी पावसाच्या तारखा मोजून ठेवलेल्या आहेत. २०२० साली त्यांनी त्या सुधारल्या. मुंबईत पाऊस येण्याची सरासरी तारीख १० जूनवरून ११ जून झाली, आणि जाण्याची २९ सप्टेंबरवरून एकदम ८ ऑक्टोबर. पण काकड कधी भरलं, पावशा कधी बोलला, काजवे कधी उतरले, हे कुठल्या खात्याच्या दप्तरात असणार? ते माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसं सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांची पोरं पुण्यात, मुंबईत. धूळवाफेला येतात, दोन दिवस राहून जातात.

आता 'सीझनवॉच'सारखे उपक्रम आहेत. देशभरातली शाळकरी मुलं आणि मोठी माणसं एकेक झाड धरून त्याचं पान-फूल-फळ दर आठवड्याला नोंदवतात. चांगलं काम आहे. पण मला याहून जवळची गोष्ट २०२५ च्या दिवाळीत सापडली. मामीच्या चुलीमागच्या खुंटीला दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्या चौकोनांत मामी दुधाचा हिशेब लिहिते. त्या वर्षीची पानं मी सहज उलटली, तर दुधाच्या आकड्यांखाली बारीक अक्षरात दुसरंच काही. 'राब भाजला.' 'पावशा.' 'करवंदं गोड.' 'गाय फळली.' 'तेरडा, गौरीला पुरंल.' मागच्या वर्षांच्या दिनदर्शिका कुठं आहेत विचारलं, तर म्हणाली, पत्र्याच्या डब्यांत तळाला घातल्या. एकेक डबा रिकामा करून मी सात वर्षांच्या गोळा केल्या. चारांवरची अक्षरं तेलानं पुसली होती. तीन वाचता येतात.

तुमच्याही घरात अशी दिनदर्शिका टांगलेली असेल. गॅसची टाकी, दूधवाला, शाळेची फी लिहून तिच्यात जागा उरते. दाराशी बहावा असेल, आंबा असेल, निदान पलीकडच्या इमारतीचा गुलमोहर असेल. तो फुलला त्या दिवशी त्या चौकोनात एक शब्द लिहा, आणि डिसेंबर संपला म्हणून ती डब्याच्या तळाला घालू नका.

मामीच्या २०२५ च्या जूनच्या पानावर ८ तारखेच्या चौकोनात मृग लागल्याचं छापलेलं आहे. त्याखाली दीड लिटर दूध. आणि त्याखाली चार शब्द: 'काकडं भरली. शेवळं संपली.'